ओबेदचं नाव शेजारणींनी ठेवलं

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती. मुरुमच्या ख्रिस्ती वस्तीत शांताक्काला नातू झाला आणि नवव्या दिवशी चर्चचे पाळक हरिबा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काखेत घेऊन आले. ओट्यावर टेकता टेकताच म्हणाले, "रविवारी बाप्तिस्मा. नाव दावीद."

"दावीद न्हाय," शांताक्का म्हणाली. "ओबेद."

हरिबांनी चष्मा काढून पुसला. "ओबेद कोण, ठाऊक हाय का तुमाला?"

"दावीद राजाचा आजा."

"आजा हाय, पण त्यानं केलं काय? ना लढाई, ना राज्य. बवाजाचा ल्योक आन् इशायचा बाप, वंशावळीत एवढंच. सगळ्या शास्त्रात त्याच्या तोंडचा एक शब्द न्हाय."

"मंग तर लई बरं. बोलणारे आपल्यात मायंदाळ हायेत."

कुडापलीकडं जोंधळा पाखडणाऱ्या मदिनाबीनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

हरिबा सावरून बसले. "शांताक्का, नाव ठरवायचा मान पाळकाचा."

"ओबेदचं कुणी ठरवलं हुतं?"

"त्याच्या बापानं. आनखी कोन ठरवनार?"

शांताक्काला अक्षर येत नव्हतं. तिनं सुनेला हाक मारली. रत्नव्वा हुमनाबादकडची. ती बाळ मांडीवर घेऊन बसली, आपलं कानडी शास्त्र उघडलं आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागली. रूथ ही परमुलखातली विधवा सून सासूबरोबर बेथलेहेमला आली, तिथं बवाजाशी तिचं लग्न झालं, मुलगा झाला. शेजारणी जमल्या आणि त्यांनीच त्याचं नाव ओबेद ठेवलं.

हरिबांनी आपलं मराठी शास्त्र काढलं. बोट ठेवून वाचलं. पान उलटून पुन्हा मागं आले. मराठीतही शेजारणीच होत्या.

"बरं, शेजारणी कुठं हायेत मग?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

त्या केव्हाच आल्या होत्या. मदिनाबी सूप घेऊनच दारात उभी होती. तिच्यामागं विठाबाई आणि दगडाबाई.

"यातली एक बी ख्रिस्ती न्हाय," हरिबा म्हणाले.

"शास्त्रात नुसतं शेजारणी लिवलंय. कसल्या, ते न्हाय लिवलं," शांताक्का म्हणाली.

"आमच्यात बी उबेद ठेवत्यात," मदिनाबी म्हणाली. "बंदा, सेवा करणारा."

ओबेदचा अर्थही तोच होता, आणि हरिबांना तो ठाऊक होता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पर शांताक्का, राजाचं नाव सोडून ह्यो हट्ट कशापायी?"

शांताक्कानं सुनेकडं पाहिलं. "रत्नव्वा आली तवा आपल्याच बाया हिरीवर म्हणाल्या, कानड्यांची पोर, हिच्या पोटाला काय येनार. दावीद म्हणलं की लोकास्नी राजा दिसतो. ओबेद म्हणलं की कुनीतरी विचारंल, त्याची आई कोन."

मांडीवरच्या बाळाचं टोपडं नीट होतं, तरी रत्नव्वा ते नीट करत राहिली.

रविवारी चर्चमध्ये हरिबांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि आईबापांकडं पाहून नाव विचारलं. उत्तर दारातून आलं. तिघी शेजारणी तिथं उभ्या होत्या आणि मदिनाबीचा आवाज सगळ्यांत पुढं होता. हरिबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि मोठ्यानं म्हणाले, "उबेद."

चूक त्यांच्या ध्यानात आली तेव्हा सगळी मंडळी "आमेन" म्हणून मोकळी झाली होती.