शेपटीवरचं चिन्ह

बेचवा नदीकाठच्या कारखान्यात व्हिलेम लेथ चालवायचा आणि घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लढाऊ विमानं बांधायचा. हातभर लांबीची, हलक्या लाकडाची, वर ताणलेल्या कागदाला रोगणाचे चार हात दिलेली. एकाहत्तरच्या हिवाळ्यात त्याने रशियन याक विमान केलं. अशी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातल्या हायनेकने त्याच्याशी झुंजायला जर्मन मेसरश्मिट केलं. त्यात वावगं काही नव्हतं. झुंज म्हटली की कुणीतरी जर्मन व्हायलाच हवं. पण बाकीचे शेपटी कोरी ठेवत. हायनेकने तिच्यावर हिटलरचं स्वस्तिक रंगवलं.

बेचाळीस साली जर्मनांनी व्हिलेमच्या बापाला वीटभट्टीच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. तेव्हा व्हिलेम नऊ वर्षांचा होता. त्याने हायनेकला बाजूला घेऊन, तेवढं पुसून टाक, असं शांतपणे सांगितलं.

"विमान खरं दिसायला नको का?" हायनेक म्हणाला. "आणि तुझ्या बापाला काही विमानाने मारलं नाही. किती वर्षं तेच उगाळणार आहेस?"



रविवारी कुरणावर दोघे वर्तुळाच्या मध्यभागी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. प्रत्येकाच्या मुठीत लांबलचक पोलादी तारा, तारांच्या टोकाला गरगर फिरणारं, किंचाळणारं विमान. समोरच्याच्या शेपटीला बांधलेली कागदी पट्टी कापायची, एवढाच खेळ. व्हिलेमने पट्टीकडे पाहिलंच नाही. मनगट दाबलं आणि याक सरळ मेसरश्मिटच्या पोटात घातलं.

मेसरश्मिटच्या चिंध्या झाल्या. याकचा एक पंख गेला, तारा सैल पडल्या आणि इंजिन तसंच बोंबलत ते माणसांवर चालून आलं. हायनेकने तोंडापुढे हात धरला. पुढच्या पंख्याने त्याची दोन बोटं उडवली आणि गाल दातांपर्यंत फाडला.

हायनेक ओरडला नाही. त्याच हाताने त्याने व्हिलेमच्या तोंडावर ठोसे हाणले, नाक मोडलं आणि त्याला खाली पाडून तो छातीवर बसला. दोघांचं रक्त व्हिलेमच्या डोळ्यांत गेलं. चौघांनी मिळून हायनेकला ओढून काढलं. वेदनेने वेडा झाला बिचारा, असं सगळे म्हणाले, आणि अपघात म्हणून नोंद झाली.

आठवड्याने व्हिलेम खसखशीचे पाव घेऊन इस्पितळात गेला. हायनेकचा जबडा बांधलेला. नळीने पेज चालली होती. पाव कुठे ठेवावेत ते व्हिलेमला कळेना.

"मी मुद्दाम घातलं," तो म्हणाला.

"तारा माझ्याही हातात होत्या," हायनेक पट्ट्यांआडून पुटपुटला. "तेव्हाच कळलं मला."

व्हिलेमला आणखी एक सांगायचं होतं. बोटं गवतात पडलेली दिसली, तेव्हा क्षणभर त्याला बरं वाटलं होतं. ते काही ओठांबाहेर पडेना.

हायनेकने पोलिसांना काही सांगितलं नाही. क्लबात व्हिलेमनेच सगळं कबूल केलं, आणि त्यांनी त्याला काढून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात हायनेक डाव्या हाताने विमान उडवायला शिकला. कुरणावरून इंजिनांचा आवाज आला की व्हिलेम घराच्या खिडक्या लावून घ्यायचा.