बसून राहण्याचे कारण

थेक्लाने बाकाखाली पाय घासला तो इतरांपेक्षा जोरानेच. सगळा वर्ग घासत होता. आवडले की बाकावर बोटांची पेरे वाजवायची, नाही आवडले की बूट फरशीवर खरडायचे, ही जर्मन विद्यापीठांतली जुनी रीत. व्यासपीठावर डॉ. मारूम हातात खडू धरून आवाज थांबायची वाट पाहत होते. आठवड्यापूर्वी याच वर्गात ते म्हणाले होते, की रस्त्यात निःशस्त्र कामगाराला गोळी घालणारा विद्यार्थी खुनी आहे आणि त्याच्या नावाने गाणी म्हणणाऱ्यांना लाज वाटायला हवी. आज त्याचा हिशेब होता.

थेक्लाला त्या विद्यार्थ्याचे काही नव्हते. तिचा राग वेगळा होता. सिगार वळणाऱ्या बायकांवर दीड वर्ष खपून लिहिलेला तिचा प्रबंध मारूमांनी परत केला होता. "तुम्ही या बायकांची कीव केलीत, त्यांना समजून घेतलं नाहीत. कीव घरी करा," असे ते चारचौघांत म्हणाले होते. ते आठवून तिने पुन्हा पाय खरडला, आणि उजव्या बुटाचा तळवा टाचेपासून चवड्यापर्यंत सुटून बाजूला पडला. युद्धाच्या टंचाईत घेतलेले बूट, चामड्याऐवजी दाबलेला कागद. वर मोजाही फाटका. अंगठा बाहेर आलेला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिचा होणारा नवरा वोल्फ्राम उठला. त्याच्यामागे रांगा रिकाम्या होऊ लागल्या. थेक्ला तळवा पायाने चाचपत राहिली. या सगळ्यांसमोरून उघड्या अंगठ्याने लंगडत जायचे? गर्दी ओसरू दे, मग निघू, असे म्हणता म्हणता वर्गात ती एकटी उरली.

मारूमांनी खडू खाली ठेवला.

"फ्रॉइलाइन ओबरलँडर, तुम्ही का बसलात?"

तिने पाय बाकाखाली आणखी आत ओढला.

"प्रबंध मंजूर व्हावा म्हणून? तर उगाच वेळ घालवू नका. की माझी दया आली? तशी तुम्हाला कुणाचीही येते."

"तुमची दया मला कधीच येणार नाही."

"मग सवय असेल. मोठ्यांनी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं घरी शिकवलेलं. का एखादं तत्त्व वगैरे आहे तुमचं?"

"माझ्या बुटाचा तळवा निघालाय," ती म्हणाली. तिचे कान तापले होते. "नाहीतर मी सगळ्यांच्या आधी गेले असते."

मारूम तिच्याकडे पाहत राहिले. मग हसले, त्या हसण्यात गंमत नव्हती.

"म्हणजे ही कृती नव्हतीच. छत गळतं, घोडा बुजतो, तसं काहीतरी झालं. त्यात तुम्ही कुठेच नव्हता." त्यांनी कागद गोळा केले. "तुटक्या बुटासमोर मी व्याख्यान देत नाही."

ते गेले. थेक्लाने रुमालाने बूट करकचून बांधला आणि मागच्या गल्लीने घर गाठले.

बातमी तिच्या आधी पोचली होती. घरमालकीण फ्राऊ क्नोब्लाऊखने सलगमाच्या सुपाची थाळी टेबलावर आपटली.

"त्या ज्यूसाठी बसून राहिलीस म्हणे? माझा पोरगा फ्रान्सच्या मातीत पडलाय आणि माझ्या घरात हे! काय कबूल केलंय गं त्याने तुला?"

"काही नाही."

"फुकट कुणी काही करत नाही, बाई."

जिन्यावर कुणीतरी तिच्या कोटावर थुंकले होते. उलट, ग्रंथालयात एका अनोळखी मुलीने हळूच तिचा हात दाबला आणि 'शाबास' म्हणाली. थेक्लाने हात सोडवून घेतला. थुंकीपेक्षा ते शाबास तिला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी वोल्फ्राम आला. वाङ्निश्चय होऊन वर्ष झाले होते, पण तो दारातच उभा राहिला.

"मित्र मला विचारतायत. काय सांगू त्यांना?"

तिने खरे ते सांगितले. तो पोट धरून हसला.

"तळवा! अगं, मग सांगायचंस ना आधी! मी आपला रात्रभर तळमळतोय, की माझ्या होणाऱ्या बायकोचं डोकं फिरलं की काय!" त्याने तिच्या गालाला बोट लावले. "थांब, आज बिअरच्या टेबलावर सांगतो सगळ्यांना."

"नको सांगूस."

"का? तुझंच नाव साफ होतंय."

त्याने सांगितले. आता पोरे तिला पाहून लंगडत चालू लागली. पण त्यात वैर नव्हते. फ्राऊ क्नोब्लाऊखने सुपात बटाटा घातला आणि आपल्या बहिणीचे जुने बूट काढून दिले. मजबूत, चामड्याचे, पायात अगदी बरोबर बसणारे. सगळे आपापल्या जागी परत आले होते. फक्त थेक्लाला झोप लागत नव्हती. मारूमांचे वाक्य कानात घोळत होते: त्यात तुम्ही कुठेच नव्हता. तो माणूस तिला आजही तितकाच असह्य होता.

पुढच्या व्याख्यानाला वोल्फ्रामने तिला पहिल्या रांगेत आपल्याशेजारी बसवले.

"आज तू आधी ऊठ. तुझ्यामागे आम्ही सगळे. काय मजा येईल बघ."

मारूम आले. पायांची खरखर सुरू झाली आणि वाढत गेली. वोल्फ्रामने तिला कोपराने ढोसले. थेक्लाने दौतीचे झाकण काढले. पुन्हा लावले. पुन्हा काढले.

"ऊठ ना!"

ती उठली नाही. मागच्या रांगांत कुणीतरी हसले, मग हसणे थांबले. शेवटी वोल्फ्रामच उठला. बाके रिकामी होत गेली. जाणाऱ्यांपैकी एकाने मुद्दाम तिची वही खाली पाडली. ती तिने उचलून पुसली.

वोल्फ्राम दारातून परत वळला.

"आता काय झालं? आज तर बूट धड आहेत तुझे." आवाज खाली आणून तो म्हणाला, "थेक्ला, काहीतरी कारण सांग. कसलंही. मी बाहेर निभावून नेतो."

ती खरोखर शोधत होती. मारूम व्यासपीठावरून पाहत होते, आणि त्यांनाही काही सांगावे असे तिच्याजवळ नव्हते.

"सुचत नाहीये," ती म्हणाली.

"मग आपलं सगळं संपलं असं समज."

तो गेला. दार त्याने सताड उघडे टाकले. बाहेर व्हरांड्यात सगळे घोळक्याने थांबले होते. त्यांच्या आरोळ्या आणि गार वारा दोन्ही आत येत होते.

थेक्ला उठली आणि दाराकडे चालू लागली. तिला येताना पाहून आरोळ्या थांबल्या. कुणीतरी टाळी वाजवली. वोल्फ्रामचा चेहरा सैल झाला. त्याने मागच्यांना सरकवून तिच्यासाठी वाट केली आणि हात पुढे केला.

तिने आतून दार लावून घेतले.

ती जागेवर येऊन बसेपर्यंत मारूम थांबले. मग त्यांनी खडू उचलला आणि व्याख्यान सुरू केले.