हॉलिसचा शेवटचा घास

झाकण उचललं आणि आर्व्हेला दोन पावलं मागे सरली. आतल्या जाळीवर चरबीचा पांढुरका थर साचला होता. त्यात डुकराच्या मांसाचे राहिलेले तुकडे हिरवट काळे पडले होते आणि अळ्या वळवळत होत्या. तिनं एप्रनचा कोपरा नाकाला लावला, तरी वास घशात उतरलाच. ती कुंपणापाशी गेली, वाकली आणि सकाळची कॉफी ओकून परत आली.

रॉइस, तिचा धाकटा दीर, मांस धुरावर शिजवायचा हा स्मोकर चर्चच्या जेवणासाठी म्हणून घेऊन गेला होता तो मे महिन्यात. आता ऑगस्ट लागला होता. काल संध्याकाळी त्यानं तो अंगणात आणून सोडला आणि गाडीतूनच, खाली न उतरता सांगितलं, "जरा पाणी मार वहिनी, म्हणजे झालं. शनिवारी जत्रेत लागेल."

दोन चाकांच्या गाड्यावर आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, एका बाजूला लाकडं जाळायची पेटी, दुसऱ्या बाजूला धुराडं. हॉलिसनं, तिच्या नवऱ्यानं, तो जुन्या तेलाच्या टाकीपासून स्वतः जोडला होता. अमेरिकेतल्या मिझुरीच्या त्या कोपऱ्यात मंद धुरावर मांस शिजवावं तर हॉलिस प्रुइटनं, असं लोक म्हणत. मार्चमध्ये तो गेला.

आर्व्हेलानं गरम पाणी, सोडा आणि लोखंडी खरवडणी घेतली. चरबी सालपटांसारखी सुटून तिच्या मनगटांवर पडत होती. ती मनगटं तशीही कामातून गेलेलीच होती. तरुणपणापासून तिनं गावाबाहेरच्या कत्तलखान्यात डुकरं कापायच्या रांगेवर काम केलं होतं. सुटी झाली की घरी येऊन ती अंग लालभडक होईपर्यंत घासायची, पण वास नखांखाली राहायचाच. तेव्हापासून मांसाचा तुकडा तिच्या तोंडात गेला नव्हता. मांसासाठीच ओळखल्या जाणाऱ्या घरात ती सून म्हणून आली, ही सासरच्यांच्या चेष्टेची कायमची गोष्ट होती. "दादानं गाय करून आणली," रॉइस दर जेवणाला म्हणे, "टाका तिला चारा." सगळे हसत. पहिल्या वर्षी हॉलिसही हसला होता.

दुसऱ्या वर्षी मात्र त्यानं काही न बोलता स्मोकरमध्ये वरच्या अंगाला एक वेगळी जाळी बसवली. मांसापासून लांब आणि उंचावर, म्हणजे चरबीचा थेंब तिच्यावर पडू नये. ती जाळी आर्व्हेलाची. तिच्यावर ती कणसं लावायची. हिरवी सालं देठापर्यंत मागे ओढायची, केस काढायचे, दाण्यांना लोणी, मीठ आणि थोडी तिखट भुकटी चोळायची, सालं पुन्हा वर ओढून त्यांचाच एक पट्टा बांधायचा. मग सफरचंदाच्या लाकडाचा धूर, आणि घाई करायची नाही. सालं तपकिरी होत, आत दाणे फुगत आणि त्यांच्या गोडीत धुराची किंचित कडवट चव मुरे. रॉइसच्या लेखी तो चारा होता. पण जत्रेत लोक मांसाची ताटली घेऊन झाली की हळूच वळसा घालून तिच्या टोकाला येत.

मागच्या उन्हाळ्याअखेर हॉलिसच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. औषधं सुरू झाली आणि त्याला मांसाचा वास सोसेना. शेजाऱ्यांनी काही भाजलं तरी तो खिडक्या लावून घ्यायला सांगे. एकदा रॉइसच्या बायकोनं, ट्विलानं, फासळ्या पाठवल्या. डबा उघडला आणि हॉलिस मोरीत धावला. परत आला तेव्हा भिंतीला धरून उभा होता.

"आर्वी," तो म्हणाला, "तुला इतकी वर्षं असंच व्हायचं?"

"हो."

"आणि तरी तू माझे मांसाच्या वासाचे कपडे धुतलेस."

खुर्ची पुढे ओढून तिनं त्याला बसवलं. त्या हिवाळ्यात ती दुकानातून कणसं आणी, अंगणातल्या बर्फात स्मोकर पेटवी, मग सुरीनं दाणे खरवडून लोण्यात घोटून त्याला भरवी. तेवढंच त्याच्या पोटात ठरे. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एका भांड्यातलं जेवत होती. त्यानं तिच्याकडून एकच वचन घेतलं. हे गावात कुणाला कळता कामा नये, रॉइसला तर मुळीच नाही. हॉलिस प्रुइटला मांसानं ओकारी येते, हे ऐकून लोक हसतील. तिनं कबूल केलं. रॉइस त्या दिवसांत एकदाही फिरकला नाही. आजारपणाचा वास आपल्याला सहन होत नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

तरीही जत्रेला जायचं तिनं ठरवलं, कारण रॉइस म्हणाला होता की सगळं दादासाठी आहे. शनिवारी सकाळी ती मैदानावर पोचली तेव्हा तो फलक टांगत होता. फलकावर हॉलिसचा हसरा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हॉलिसचा शेवटचा घास'. तिला वाटलं, मायेनंच लिहिलं असेल. रॉइसनं तिला काळा झगा का घातला नाहीस म्हणून विचारलं. तिनं आपल्या जाळीवर कणसं लावली. खालची मोठी जाळी त्यानं फासळ्यांनी भरली.

दुपारपर्यंत रांग लागली. मग रॉइसनं माईक घेतला. आधी त्यानं भावाची आठवण काढली. त्यानंतर आवाज खाली आणून सांगितलं की दादाच्या अखेरच्या दिवशी तो उशाशी बसून होता. दादाला बोलवत नव्हतं, पण त्यानं खुणेनं फासळी मागितली. "मी माझ्या या हातानं भरवली. चावली, हसला आणि गेला. तीच फासळी, तोच मसाला आज तुमच्या ताटलीत." रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. मग तिनं दोन ताटल्या मागितल्या.

आर्व्हेलाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं. ज्या माणसाला त्या वासानं भिंत धरावी लागायची, त्याच्या मेलेल्या तोंडात रॉइस मांस कोंबत होता. ती टेबलाला वळसा घालून रॉइसपाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे थांबव."

रॉइसनं माईकवर हात ठेवला. "वहिनी, लोकांना गोष्ट लागते. दादाचंच नाव होतंय ना?"

"तो आजारी होता तेव्हा तू आला नाहीस."

"मग तू सांग ना." तो हसत होता, रांगेला दिसावं म्हणून. "काय खात होता तो शेवटी? घे माईक. सांग."

त्यानं माईक खरोखरच तिच्या हातात दिला. ती बोलायची नाही याची त्याला खात्री होती. इतक्या वर्षांत ती कुणासमोर मोठ्यानं बोललीच नव्हती. खरं सांगितलं असतं तर रॉइसचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण फलकावरून हॉलिस तिच्याकडे बघत होता, आणि ज्यांना कळू नये म्हणून त्यानं वचन घेतलं होतं तीच माणसं समोर रांगेत उभी होती.

"हॉलिस आजारी असताना रॉइस घरी आला नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. हॉलिसनं शेवटी काय खाल्लं ते मी बघितलंय आणि ते माझ्यापाशीच राहील. फलक उतरवा. आणि ही भट्टी माझी आहे, ती मी घेऊन चालले."

तिनं माईक टेबलावर ठेवला, चिमटा उचलला आणि फासळ्या एकेक करून बाहेर काढायला लागली. रॉइस तिचा दंड धरायला आला, पण रांगेकडे नजर जाताच थांबला. "लोकांसमोर तमाशा करतेस," तो पुटपुटला, "चारा खाऊन डोकं फिरलंय." यावर कुणी हसलं नाही. ट्विला मोठं ताट घेऊन पुढे आली आणि नवऱ्याकडे न बघता फासळ्या त्यात झेलत राहिली. मग तिनंच स्मोकर आर्व्हेलाच्या गाडीला जोडायला हात लावला. साखळी अडकवताना ती इतकंच म्हणाली, "त्या वेळी मी यायला हवं होतं, जाऊबाई." आर्व्हेलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती. मागे लाल-निळे दिवे दिसले तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली. तरुण पोलीस खाली उतरला आणि स्मोकरभोवती फिरून आला. बाई, धूर सोडत हमरस्त्यावरून भट्टी नेता येत नाही, असं त्यानं समजावलं. विझवावी लागेल.

"आत काय आहे? मांस?"

"कणसं."

"नुसती कणसं?"

"नुसती."

तिनं आधी कणसं काढून परातीत ठेवली. मग पाण्याचा डबा आणून जळत्या लाकडांवर ओतला. पेटी फसफसली, पांढरी वाफ उठून दोघांच्या मध्ये आली आणि ओल्या राखेचा वास पसरला. निखारे काळे पडेपर्यंत ती ओतत राहिली. डबा रिकामा झाल्यावरही तिथेच उभी राहिली. पोलिसानं घाई केली नाही.

मग तिनं एका कणसाची सालं मागे ओढली आणि देठाशी धरून त्याच्यापुढे केलं. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, टोपी काढून गाडीच्या टपावर ठेवली आणि घेतलं. तिनंही एक घेतलं. दोघं स्मोकरला टेकून खात होती. ट्रक जवळून जात तेव्हा वाऱ्यानं सालं हलत.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

तिनं मान हलवली.

खाऊन झालं तसा तो दाणे संपलेलं बुरकुंड हातात धरून इकडेतिकडे बघू लागला. कुठे टाकावं ते त्याला कळेना. आर्व्हेलानं हात पुढे केला.