निबर शेंगांचा वेल

शिंप्याच्या दुकानामागच्या भिंतीवर रानघेवड्याचा वेल होता. कुणी लावलेला नाही, कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. दरवर्षी वाळून काडी व्हायचा आणि त्याच मुळातून पुन्हा फुटायचा. शेंगा मात्र तोडायच्या त्या शिंप्याच्या आईनं, माईंनीच. दुसऱ्या कुणी हात लावला की माईंची जीभ दुकानातल्या कात्रीपेक्षा जोरात चालायची.

माईंची रीत साधी होती. शेंग चिमटीत दाबायची. दबली तर कोवळी, टोपलीत टाकायची. नाही दबली तर बियाण्याला ठेवायची.

यंदा मात्र ताटातल्या शेंगांत रोज नुसता दोरा. मुलगा एका गालात चोथा साठवून "छान झालंय" म्हणायचा. सून तोंड पुसायच्या निमित्तानं रुमाल भरायची. शेवटी माईंनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि निकाल दिला, "वेल म्हातारा झाला. रविवारी मूळच खणून काढ."

"माई, अजून एक वर्ष बघू की," सून म्हणाली.

"तू नुसतं बघशील. गिळायचं मला असतं."

मुलानं शेजारून कुदळ मागून आणली.

शनिवारी ताटात शेंगा आल्या त्या लोण्यासारख्या. माईंनी दोनदा वाढून घेतल्या. "याला म्हणतात शेंग. कुठल्या भाजीवालीकडून आणल्यास?"

"आपल्याच वेलाच्या आहेत."

"तोडल्या कुणी?"

"मी."

मुलाचा घास हातातच राहिला. माई ताटावरून उठल्या. हात धुऊन त्या मागं गेल्या. एक शेंग दाबली. शेजारची दाबली. दोन्ही सारख्याच वाटल्या. दातांखाली धरल्या, तर एक कटकन तुटली आणि दुसरी नुसती ताणली गेली. पन्नास वर्षं सुई धरून बोटांची टोकं जोड्याच्या तळासारखी झाली होती. वेलाचं काही बिघडलं नव्हतं.

सून दारात उभी होती.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि मुकाट्यानं चावत बसलीस?"

"माझे दात अजून घरचेच आहेत, माई."

माईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मग आत तोंड करून मुलाला म्हणाल्या, "कुदळ ज्याची त्याला देऊन ये. मोठा आला खणणारा." आणि सुनेला, "उद्यापासून तू तोड. मी इथं बसून सांगेन कुठली तोडायची ते."

"तुम्ही सांगितलेली निबर निघाली तर?"

"तर ती तू खायची."