गीझर कोण लावतं?

"बाबा, गीझर पुन्हा चालू! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" गेले दोन महिने मी रोज हेच ओरडत होतो. सुरुवातीला बाबा म्हणायचे, "अरे, मी हातसुद्धा लावला नाही." मग ते गप्प बसू लागले. दारही उघडं टाकून जातील म्हणून मी त्यांच्याकडची घराची किल्लीही काढून घेतली.

आज वायरमन आला. जुन्याच वायरिंगमधून इशारा पाठवून दिवे आणि गीझर रिमोटवर चालवणारे डबे मीच बसवले होते, मोठा शहाणा ना मी! त्याने गीझरचा डबा उघडला आणि हसला.

"डब्याचा कंपनीतून आलेला नंबर तसाच ठेवलात होय? शेजारच्यांकडेही हेच डबे आहेत, कालच पाहिले; त्यांनीही नंबर तसाच ठेवलाय. वायर दोघांची एकच. त्यांनी गॅलरीतला दिवा लावला की तुमचा गीझर लागतो."

किल्ली घेऊन मी बाबांच्या खोलीत गेलो.

"बाबा, चूक माझी होती. गीझर तुम्ही कधीच लावला नव्हता."

त्यांनी किल्लीकडे पाहिलंही नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "माझं मन राखायला खोटं कशाला बोलतोस? मला आता चांगलं आठवतंय. मीच लावतो."