काडीपेटीचा ठोका

त्या रविवारी आईने माझा ‘तथापि’ खोडायला लावला.

“हा तथापि कोण गं? बुवापाड्यात ऱ्हातो?”

“आई, शब्द आहे तो. ‘तरीपण’सारखा.”

“मग तरीपण लिव. त्याला वळखते मी.”

१९८७ चा मार्च होता. तीन वर्षं आमचं हेच चाललं होतं. आईने अंबरनाथच्या काडीपेटीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पेट्या भरल्या होत्या. आता ती आपलं आयुष्य सांगायची आणि बदलापूरच्या शाळेतलं ग्रंथालय बंद करून आले की मी ते लिहून घ्यायची. तिला अक्षरं लावून वाचता यायचं, पण लिहायला बोटं वळत नसत. पान झालं की मी ते मोठ्याने वाचायचं. कारखान्यात पेटी भरली की टेबलावर एकदा ठोकून काड्या सरळ करत. तशीच, पान पटलं की ती रिकामी काडीपेटी टेबलावर ठोकायची. टक्. “भरली.” काही खोटं किंवा नटवलेलं वाटलं तर ठोका नाही. आमच्या वस्तीतल्या एकाही बाईने तोवर पुस्तक लिहिलं नव्हतं, आणि तिला तिच्या पुस्तकात एकही हलकी पेटी नको होती.

‘तथापि’ गेला, ठोका पडला. मग माझ्याकडे न बघता तिने शेवटचं पान सांगितलं. शालनचं. शालन माझी धाकटी बहीण. ती आठ महिन्यांची होती, मी नऊ वर्षांची. तापात ती गेली त्या दिवशी आई कारखान्यात पाळीवर होती.

“लिव. माझ्या नीलीनं दिवसभर तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. तिनं काय कमी केलं न्हाई.”

मी लिहिलं, वाचून दाखवलं. काडीपेटी आईच्या हातात होती. कारखान्याचा भोंगा वाजून थांबला, तरी ती तशीच धरून बसली होती.

“काही राहिलं का?” मी विचारलं.

“मला काय म्हाईत? मी पाळीवर व्हते. घरी तू व्हतीस.” तिने काडीपेटी टेबलावर आडवी ठेवली. “उद्या बघू.”

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती. हात लावल्यावर कळलं.

वहीवर आईचं नाव, भागीरथी, घालून ती मी उल्हासनगरच्या एका छापखान्यात दिली. मे महिन्यात तिथल्या महिपती कंपोझिटरने प्रुफं हातात ठेवली.

“परवा परत द्या, नीलिमाताई. लगीनसराई आहे. आमचे शेठ भागीरथीबाईंना उतरवून पत्रिका चढवतील मशीनवर.” मग हळू आवाजात म्हणाला, “शेवटचं पान तेवढं नीट बघा. दोनदा जुळवलं, दोनदा अक्षरांचे खिळे सुटून पडले. असं माझ्या हातून होत नाही कधी.”

रविवारी दुपारी मी त्याच टेबलाशी बसले. काडीपेटी तिने ठेवली होती तिथेच आडवी होती. मी ती हलवली नव्हती. सवयीने मी मोठ्याने वाचायला लागले. पहिलं पान संपलं.

टक्.

पाल असेल, म्हटलं. दुसरं पान संपलं. टक्. तिसऱ्यानंतर मी मान वर करायची सोडली. बघितलं तर ठोका थांबेल, अशी भीती वाटत होती. आणि थांबणार नाही, अशीही.

दारात शेजारच्या सगुणाबाई आल्या. कारखान्यात त्या आईशेजारीच बसायच्या.

“निलू, घरात पेट्या भरतेस काय गं? मघापासून ऐकतेय.”

“तुम्हाला ऐकू येतंय?”

“वीस वर्षं ऐकलं की. भागीरथीचाच हात तो. एका ठोक्यात काम, दुसरा कधी लागायचाच नाही...” बोलता बोलता त्या थांबल्या. माझे दोन्ही हात कागदावर होते. त्या उलट्या पावली गेल्या आणि त्यांच्या घराची कडी लावल्याचा आवाज आला. भर दुपारी त्या कधी कडी लावत नसत.

शेवटचं पान उरलं. मी वाचलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक शब्द. मग मान वर केली.

काडीपेटी उभी होती. आई ठोका द्यायच्या आधी धरायची, तशी.

उद्या हे पान छापलं जाणार होतं. तिच्या पुस्तकात, तिच्या नावाखाली, माझं खोटं. पंचवीस वर्षांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं की मी दिवसभर घड्या बदलल्या. त्या दिवशी पाळीवरून आल्यावर तिने आधी कपाळावरच्या घडीला हात लावला होता, मग शालनला. घडी कोरडी होती. तिने कधीच विचारलं नाही.

मी पेन्सिलने ती ओळ खोडली. नवी लिहिण्याआधी ती आईला बोलून दाखवायला हवी होती.

“आई,” मी म्हणाले, “घडी मी एकदाच ठेवली. मग गोष्टीचं पुस्तक वाचत बसले. शालन दोनदा रडली. मी ऐकलं होतं, आई. पान संपवून उठणार होते.”