वंदनेचा रंग

पंचशीलाला आवाज दिसायचे. कुकरची शिट्टी पिवळी, एसटीचा हॉर्न तपकिरी. शाळेत तिनं मास्तरांना सांगितलं, तुमचा आवाज शेवाळी दिसतो, तर मास्तरांनी दोन छड्या हाणल्या. तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं. थोरला भाऊ रविकांत तेवढा खोदून खोदून विचारायचा, "माझा कसला गं?" "कैरीवानी हिरवागार," असं म्हटलं की गडी खूश.

पुढं ती नायगावात दुकानांच्या पाट्या रंगवायला लागली. दुकानदार समोर बसून बोलायचा आणि ही त्याच्या आवाजाच्या रंगात पाटी काढून द्यायची. लोक म्हणायचे, बाईचा हात चांगला आहे. अहो, हात कसला घेऊन बसलात! सगळी करामत कानाची होती.

आई, महामाया, दोन वर्षांमागं गेली. गावातल्या विहारात रोज संध्याकाळी तीच वंदना सांगायची आणि बाकीचे तिच्यामागून म्हणायचे. तिचा आवाज केशरी, त्यात किंचित विटकरी झाक. मोबाइलमध्ये तो भरून ठेवलेला होता, पण मोबाइलमधनं सगळं राखेच्या रंगाचं यायचं, त्यात आई नव्हतीच. आठवणीतला रंगही दर महिन्याला फिकट होत चालला होता. तो गेला तर आईचा आवाजही जाईल, ही धास्ती पंचशीलाचं काळीज कुरतडत होती.

जयंतीआधी विहार रंगवायचं काम तिच्याकडं आलं. विहार समितीचा सचिव रविकांतच. "मूर्तीमागची भिंत तुझ्या मनानं कर," तो म्हणाला. झालं! चार दिवस ती दार लावून आत. वंदनेची एक ओळ आईच्या चालीत म्हणायची, डोळे मिटून बघायची, डब्यात थेंबभर लाल टाकायची, पुन्हा म्हणायची. पाचव्या दिवशी भिंतीवर दुसरा हात मारला आणि तिनं ब्रश खाली ठेवला. भिंतीतून आई बोलत होती. पंचशीला पोटभर रडली.

एवढी हुशार बाई, पण एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. जयंती तोंडावर, आणि विहाराची भिंत केशरी!

संध्याकाळी समिती आली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

"ही कोणत्या पार्टीची भिंत हाय?" म्हातारे मारोतीकाका म्हणाले.

"काका, भंतेजींच्या चिवराचा रंग कसला असतो मग?"

"चिवर अंगावर असतंय, पोरी. भिंतीवर लोक दुसरंच समजत्यात."

"माझ्या आईचा आवाज हाय तो!" तिच्या तोंडून निसटलंच.

तिनं रविकांतकडं पाहिलं. त्याला तर सगळं ठाऊक होतं. व्हय, तिला तसं दिसतंय, एवढंच म्हणायचं होतं त्यानं. भाऊ खाली बघून हसला. "लहानपणापास्नं जरा अशीच हाय ती. मनावर घेऊ नका. उद्या निळा मारून घेऊ. दुसरा पेंटर बघतो मी."

"दुसरा कशाला?" पंचशीला म्हणाली. "माझ्या आईवर दुसऱ्याचा हात नको."

निळा तिनंच मारला. केशरी खालून डोकावायचा थांबेना, म्हणून तीन हात द्यावे लागले. आणि काम करताना, मेली सवय, तोंडात वंदनेची तीच ओळ, आईच्याच चालीत, दिवसभर.

जयंतीला विहार गच्च भरला. वंदना झाली, खीर वाटली. निळी भिंत बघून मारोतीकाकांनी पंचशीलाच्या पाठीवर हात ठेवला. रविकांत खिरीची वाटी घेऊन तिच्याजवळ येऊन बसला. मनातून तो खजील झाला असावा.

"पंचे," तो हळूच म्हणाला, "खरंच सांग. आईचा आवाज कसला दिसायचा गं तुला?"

तिनं डोळे मिटले. मनात ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली, तरी केशरी कुठं दिसेना.

"निळा," ती म्हणाली.

"बघ!" रविकांतची कळी खुलली. "मग उगंच भांडत होतीस व्हय समितीशी?" आणि त्यानं खिरीची वाटी तिच्या हातात दिली.